पोरीला चीनला पाठवलंत, तर तयारी काय केलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत विचारलंत, कुणाच्या तरी मुलाच्या ग्रॅज्युएशनला विचारलंत, ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळवून मेसेजवर विचारलंत. मध्ये काही वर्षं हा प्रश्न बंद झाला होता, कारण करोनानंतर अमेरिकेतून चीनला शिकायला जाणारं कुणी उरलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२३मध्ये शी जिनपिंग सॅन फ्रान्सिस्कोला आले आणि पाच वर्षांत ५०,००० अमेरिकी तरुणांना चीनमध्ये बोलावू म्हणाले, तेव्हापासून माझा फोन पुन्हा वाजायला लागला. मुलगा नववीत आहे, मँडरिन घेतलंय, अकरावीचं वर्ष बीजिंगला काढायचं म्हणतोय, तुमच्या लेकीची तयारी कशी केली होती?

आणि या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न असतो. तो काही जणी विचारतात, बाकीच्या नुसत्या माझ्याकडे बघतात. सोळा वर्षांची मुलगी, एकटी, चीनला. आई असून तुला करवलं कसं?

आधी सोपं सांगते. आम्ही तयारी चोख केली होती. ऑगस्ट २०१४ला ती गेली, आणि त्याआधीचं अख्खं वर्ष आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. न्यूयॉर्कला बाराव्या अ‍ॅव्हेन्यूवरच्या चिनी वकिलातीत उन्हात रांग लावली. शाळेचं प्रवेशपत्र, जेडब्ल्यू २०२ नावाचा फॉर्म, छातीचा एक्स-रे आणि रक्ताच्या तपासण्या लावलेला वैद्यकीय फॉर्म, सगळं मूळ आणि दोन दोन प्रती. इथल्या शाळेशी क्रेडिटसाठी भांडण. धुरक्यासाठी मास्क, आणि गूगल तिकडे उघडत नाही म्हणून व्हीपीएन. तिकडच्या वर्गात पन्नास मुलं असतात, सप्टेंबरमध्ये आधी लष्करी कवायत असते, दुपारी बाकावर डोकं ठेवून झोपायचं असतं, तासांच्या मध्ये स्पीकरवरच्या आकड्यांवर सगळा वर्ग डोळे मिटून डोळ्यांचा व्यायाम करतो, हे सगळं तिला जाण्याआधीच माहीत होतं. तिथलं हीटिंग सरकारी तारखेला, १५ नोव्हेंबरला, सुरू होतं, म्हणून त्याआधीच्या दोन आठवड्यांसाठी मी थर्मल कपड्यांचे दोन जोड जास्तीचे दिले. मला कुणी निष्काळजी म्हणू नये.

भाषेची तयारी मात्र माझी नाही, माझ्या आईची. आई पुण्यात, मूळची सोलापूरची. दर रविवारी स्काइपवर नातीकडून एक चिनी शब्द शिकायची आणि नातीचे उच्चार सुधारायची, चिनीचा गंध नसताना. 'चांदण्यातला च वेगळा आणि चंद्रातला वेगळा, हे तुला येतं ना? मग यात काय अवघड आहे?' आणि ते खरंच होतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना चिनीतले ते दोन च-वर्ग वेगळे काढताना घाम फुटतो. चिनी शब्द रोमन लिपीत लिहिताना बी लिहिलं तर प म्हणायचं आणि पी लिहिलं तर फ, हेही त्यांना महिनोन्‌महिने जमत नाही. हिला ते आजीच्या मराठीतून फुकट मिळालं. सूर तेवढे शिकावे लागले. आईला सगळ्यात आवडलेलं वाक्य होतं 'छ्र ल मा', म्हणजे जेवलीस का. बीजिंगचे जुने लोक भेटल्यावर हेच विचारतात म्हटल्यावर ती म्हणाली, मग माणसं आपल्यासारखीच आहेत, जाऊ दे पोरीला.

आईची एकच अट होती. शिजियाझुआंगला जाऊन डॉक्टर कोटणिसांच्या समाधीवर फूल ठेवायचं. सोलापूरचा मुलगा १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि १९४२ला तिथेच, बत्तिसाव्या वर्षी वारला. चिनी लोक त्यांना ख ती-ह्वा म्हणतात. आमच्या आईसाठी तो इतिहास नव्हता, गावातली गोष्ट होती.

ज्या घरी लेक राहणार होती त्या कुटुंबासाठी मी भेटी घेतल्या होत्या. त्यात एक सुंदर लाकडी घड्याळ होतं. पालकांच्या तयारी-शिबिरात सांगितलं की घड्याळ चालत नाही. 'घड्याळ भेट देणं' आणि 'वडीलधाऱ्या माणसाच्या शेवटच्या क्षणी जवळ असणं' या दोन्हींचा चिनी उच्चार एकच, सोंग चोंग. मी घड्याळ परत केलं आणि तो शब्द वहीत लिहून ठेवला. ती वही अजून आहे.

त्याच शिबिरात फळ्यावर एक वक्ररेषा काढली होती. पहिले दोन महिने आनंद, मग उतार, डिसेंबरच्या आसपास तळ, मग हळूहळू चढ. पालकांना बजावून सांगितलं की मूल तळाला असताना त्याला उचलून आणू नका. रडलं तर ऐकून घ्या, पण तिकीट काढू नका. तिथे बसलेल्या आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तर रेषा उतरवून घेतली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एपेक, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या परिषदेसाठी कारखाने आणि गाड्या बंद करून बीजिंगचं आकाश निळं केलं होतं. तेव्हा तिचे फोटो बघून आईने विचारलं होतं, एवढं छान आहे मग पोरगी रडते का? रडत होतीच ती. तिथल्या घरच्या मुलीशी पटेना, गणित चिनीत कळेना, संध्याकाळच्या सक्तीच्या अभ्यासात रात्री साडेनऊपर्यंत बसून राहायची. परत येऊ का, असं तिने मला दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा रेषा बघितली.

२७ डिसेंबर २०१४, शनिवार. पहाटे पुण्यात आई गेली. झोपेत, काही न दुखता. न्यू जर्सीत शुक्रवारची संध्याकाळ होती. धाकट्या भावाचा फोन आला, आणि तो रडत असतानाच मी त्याला म्हटलं, 'पोरीला घरच्या ग्रुपमधून काढ.'

तो म्हणाला, 'ताई, असं नको करू.'

मी म्हटलं, काढ. त्याने काढलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एवढंच की परीक्षा होती म्हणून थोडं उशिरा कळवलं.

न्यूअर्कहून मुंबई पंधरा तास, पुढे गाडीने पुणं. माझ्यासाठी आईला ठेवलं होतं. सगळे थांबले होते, मी पोचल्यावर नेलं. लेकीसाठी कुणी थांबलं नाही, कारण थांबा म्हणायला तिला काही ठाऊकच नव्हतं. आणि ती माझ्यापेक्षा पुण्याच्या कितीतरी जवळ होती.

रविवार आला. तिचा आजीला फोन. कुणी उचलला नाही, मग तिने मला वीचॅट केलं. मी सांगितलं, आजीचा घसा बसलाय, डॉक्टरांनी काही दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. मी पुण्यात आईच्या खोलीत बसून न्यू जर्सीत असल्यासारखी बोलत होते. तिच्याकडे रात्र, न्यू जर्सीत सकाळ, म्हणून मी संध्याकाळी साडेसहाला 'आत्ताच उठले' म्हणाले. कॅमेरा बंद ठेवला, नेट नीट नाही म्हणून. रिक्षाचा हॉर्न ऐकू जाईल म्हणून आधी उठून खिडकी लावून घेतली. बाहेरच्या खोलीत दिवा तेवत होता. असे चार रविवार. शेवटचे दोन खरोखरच न्यू जर्सीतून, तेव्हा खिडकी लावावी लागली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात, २६ डिसेंबरपासून, चीनमध्ये जीमेल पूर्ण बंद पडलं. तिच्या मामेभावाने तिला लिहिलेली मेल तिला मिळाली नाही. मला तेव्हा हायसं वाटलं. हे लिहिताना हात थांबतोय, पण वाटलं होतं.

तिकडच्या घरातल्या बाईंना मी दुभाष्यामार्फत कळवून ठेवलं. त्या लगेच तयार झाल्या. म्हणाल्या, आमच्याकडेही लांबच्या माणसाला चांगलं तेवढं कळवतात, वाईट कळवत नाहीत. चार आठवडे त्या तिच्या ताटात जास्तीचं वाढत राहिल्या. पोरीला वाटत होतं, परीक्षा आली म्हणून लाड चाललेत.

शुक्रवारी तिची सत्राची परीक्षा संपली. २४ जानेवारीला, शनिवारी, मी सांगितलं.

ती ओरडली नाही. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, 'तू घसा बसलाय म्हणालीस तेव्हा आजी कुठे होती?'

मी उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, 'आई, मी विचारतेय. त्या वेळी आजी कुठे होती? घरात होती का?'

होती. पहिल्या रविवारी मी फोनवर बोलत होते तेव्हा आई बाहेरच्या खोलीत होती. तासाभराने नेलं. मी ते सांगितलं, आणि तिने फोन ठेवला. मग सतरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सांगितलं असतं तरी ती काय करू शकणार होती? हेच मीही स्वतःला सांगत आले. तिला भारतात यायला कागदच नव्हते. सोळावं लागल्यावर नवा पासपोर्ट काढला होता, ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारा, स्टिकर जुन्या पासपोर्टात होता, आणि जुना पासपोर्ट न्यू जर्सीत माझ्या कपाटात. तयारीच्या यादीत 'पासपोर्ट' असं एकवचनी लिहिलं होतं, म्हणून मी एकच दिला. शिवाय वर्ष सुरू असताना देश सोडायचा नाही, सोडला तर परत घेण्याची हमी नाही, अशा कागदावर मी सही केली होती. नियम माझे नव्हते.

पण बीजिंगमध्ये भारताचा दूतावास आहे. तिच्या घरापासून मेट्रोने जाता आलं असतं. अडीअडचणीला व्हिसा देतात की नाही, हे विचारायला मी एक फोनही केला नाही. करायचाच नव्हता. मिळाला असता तर ती आली असती, आली असती तर परत गेली नसती, आणि वर्ष मोडलं असतं. माझ्या मनात हे याच क्रमाने होतं.

त्या वेळची मी आजच्या मला विचारते: मग काय, मोडू द्यायचं? दोन वर्षं धडपडलेली पोर, सगळ्यात खालच्या दिवसांत, त्यात ही बातमी, आजूबाजूला एक माणूस मराठी बोलणारं नाही. कुणाच्या गळ्यात पडून रडली असती? माझ्याकडे आजही याचं उत्तर नाही. कधी वाटतं, त्या बाईंच्या गळ्यात पडली असती, त्या चांगल्या होत्या. कधी वाटतं, मी जे केलं ते आमच्या घरात नेहमी असंच होत आलंय. मी सव्विसाव्या वर्षी या देशात आले तेव्हा माझ्या आजीचं मला दोन महिन्यांनी पत्राने कळलं होतं, आणि मी कुणाला जाब विचारला नाही. विचारायला हवा होता की काय, हे मला लेकीने फोन ठेवला तेव्हा पहिल्यांदा सुचलं.

ती वर्ष पूर्ण करून आली. हे मी तुम्हाला सगळ्यांना सांगते, आणि तुम्ही म्हणता, बघा, राहिली ना! राहिली. माझ्यामुळे राहिली की माझ्या घरी यायचं नाही म्हणून राहिली, हे मी तिला विचारलेलं नाही.

एप्रिलमध्ये छिंगमिंगच्या सुट्टीत ती त्या कुटुंबाबरोबर शिजियाझुआंगला गेली. बीजिंगहून वेगवान गाडीने तासा-सव्वा तासाचा रस्ता. त्या दिवसांत चीनमध्ये लोक आपापल्या माणसांच्या कबरी झाडतात, फुलं वाहतात. शाळेची पोरंही हुतात्म्यांच्या दफनभूमीत येतात. तिने कोटणिसांच्या समाधीचा फोटो पाठवला. समोर पिवळी शेवंती, एक त्यांच्यासाठी आणि शेजारी एक वेगळी ठेवलेली. खाली मराठीत लिहिलं होतं, देवनागरीत, चुकत माकत: 'आजीचं सांगितलेलं केलं. इथे कळलं की त्यांचे वडील गेले तेव्हा तेही चीनमध्येच होते आणि ते परत गेले नाहीत. पण आई, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मग त्यांनी ठरवलं.'

आणि पुढच्या ओळीत दोन चिनी अक्षरं. मला वाचता आली नाहीत. वही काढली आणि ताडून बघितली. सोंग चोंग. घड्याळ नव्हे, दुसरं. मराठीत सोंग म्हणजे काय, ते मला शिकायला नको होतं. चार रविवार मी तेच केलं होतं.

तर, तयारी. मास्क, व्हीपीएन, थर्मल याची यादी मी कुणालाही पाठवेन. ओसीआयचे नियम आता काय आहेत ते बघून घ्या. घड्याळ नेऊ नका. आणि जायच्या आधी मुलाला समोर बसवून विचारा, की तू तिकडे असताना घरातलं कुणी गेलं तर तुला कधी सांगू? त्याच दिवशी, की परीक्षा झाल्यावर? ते जे म्हणेल ते लिहून घ्या, आजी-आजोबांच्या देखत. मी हे सांगते तेव्हा तुमच्यातल्या काही जणी दुखावतात, अशुभ का बोलता म्हणतात. एकीने तर फोन ठेवला. मी तरी सांगणार. मुलाने 'नको सांगू' म्हटलं तर नका सांगू, मला त्यात काही म्हणायचं नाही. पण त्याला विचारा.

आई असून करवलं कसं, या दुसऱ्या प्रश्नाला मी इतकी वर्षं फणकाऱ्याने उत्तर देत आले. पाठवलं यात मला आजही चूक दिसत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाठवेन.

लेक आता सत्तावीस वर्षांची आहे. हे लिहू का, म्हणून तिला विचारलं, मजकूर वाचायला पाठवला. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'साधारण महिनाभर तिला कळवलं नाही'. तिने बाकी कशालाच हात लावला नाही. ते एवढं वाक्य खोडलं, आणि समासात लिहिलं: 'अठ्ठावीस दिवस. तेवढेच लिही.'