३७८.८ मीटर, अर्थात ७९२ किलोहर्ट्झ

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर आधी उभा राहिला तो सरांचा ट्रान्झिस्टर. चामड्याच्या कव्हरातला, पट्टा तुटला म्हणून सुतळी बांधलेला. आमच्या तुकडीला ‘सर’ म्हटलं की विज्ञानाचे सरच.

एका सकाळी ते तो थेट दहावी ‘ब’च्या वर्गात घेऊन आले. फळ्यावर लिहिलं : पुणे केंद्र, ३७८.८ मीटर, अर्थात ७९२ किलोहर्ट्झ. घरी रोज कानावर पडणारे हे आकडे. म्हणाले, "करा गुणाकार."

३,००,००९.६ आले. मग मुंबईचे आकडे दिले, २८७.४ मीटर आणि १०४४ किलोहर्ट्झ. उत्तर ३,००,०४५.६. पुन्हा तीन लाखच! वारंवारता (किलोहर्ट्झ) वाढली, तेवढ्याच पटीत तरंगलांबी (मीटर) घटली. दोन्हींचा गुणाकार म्हणजे लहरीचा वेग, तो होता तिथेच. मी घाईघाईने वहीत लिहिलं, ‘वेग = ३ लाख मीटर’. सर बाकापाशी थांबले. "किलो कुठं सांडलास, बाळ?" आणि हातातल्या खडूच्या तुकड्याने माझ्या बाकावरच तीन शून्यं काढली. सेकंदाला ३० कोटी मीटर. मागून कुणीतरी ओरडलं, "सर, हा तर प्रकाशाचा वेग!" सर नुसते हसले. रेडिओची लहर आणि प्रकाश एकाच घरातले, हे आम्हाला असं कळलं. ती शून्यं मी आठवडाभर कुणाला पुसू दिली नाहीत.

आज तालुक्याच्या गावी माझं सोनोग्राफी सेंटर आहे. पोट तपासायचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून ध्वनिलहरी सोडणारा भाग, साडेतीन मेगाहर्ट्झचा. शरीरात ध्वनी सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो, म्हणजे तरंगलांबी जेमतेम ०.४४ मिलिमीटर. गळ्याची गाठ बघायला जास्त वारंवारतेचा प्रोब घेते. तरंगलांबी आखूड, म्हणून बारकावे दिसतात, पण लहर खोलवर पोचत नाही. शिकाऊ डॉक्टरांना हे सांगताना आधी गुणाकार करायला लावते. सरांनी लावला तसाच.

मध्यंतरी शाळेत आले होते. प्रयोगशाळेतली जुनी कपाटं गेलीत, भिंतीवर मोठा स्क्रीन आलाय. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. सर गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तो सुतळीचा ट्रान्झिस्टर कुणाच्या घरी असेल, तर महोत्सवाच्या दिवशी कृपा करून घेऊन या. एकदा हातात घ्यायचाय.