हरलेल्या कप्तानाचं चित्र

मी यॉर्कशायरमध्ये जुन्या कागदांच्या डागडुजीचं काम करते. इकडे दुरुस्तीला येणाऱ्या आरमारी चित्रांचा साचा ठरलेला: इंग्रज जहाज दिमाखात, समोरचं पेटलेलं. त्यामुळे किनाऱ्याकडचे एक गृहस्थ काखेत चौकट मारून आले आणि "हा आमच्या नौदलाचा विजय" म्हणाले, तेव्हा मीही मान डोलावली.

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र. चांदणी रात्र, धुराचे लोट, एकमेकांना भिडलेली दोन जहाजं. असलं काम भिंगाखालीच बघावं. धूर म्हणजे नुसत्या रेघा, कुठे दाट, कुठे विरळ. आणि चांदणं म्हणजे चक्क कोरा सोडलेला कागद.

माउंट (चौकटीच्या आत चित्राभोवती असते ती खिडकी) मात्र स्वस्त पुठ्ठ्याचा. त्यातलं आम्ल उतरून चित्राच्या कडेनं चहाच्या रंगाची पट्टी उमटलेली. ओलसर टिपकागद ठेवत, पातळ सुरीनं तो सोडवत गेले. खालची बाजू मोकळी झाली आणि छापील मजकूर दिसला: 'सेरापिस'चा कप्तान पिअर्सन, समोर पॉल जोन्स, २३ सप्टेंबर १७७९.

म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली, यॉर्कशायरच्याच किनाऱ्यालगतची फ्लॅम्बरो हेडची लढाई. इथे तर इंग्रजांचं जहाज अमेरिकनांनी पकडून नेलं होतं! साडेतीन तास झुंज चालली. अमेरिकन कप्तान जोन्सचं 'बोनोम रिशार' हे मूळचं फ्रेंच व्यापारी जहाज. त्याची इतकी चाळण झाली की दोन दिवसांत ते बुडालं. मग जिंकलेल्या 'सेरापिस'वरूनच त्यानं हॉलंडचं टेक्सेल गाठलं.

गंमत म्हणजे चित्र लंडनचंच. रिचर्ड पेटनच्या चित्रावरून लर्पिनिएर आणि फिटलर यांनी कोरलेलं, आणि अर्पण केलंय हरलेल्या पिअर्सनला. कारण त्याच्या संरक्षणाखालचा बाल्टिकचा व्यापारी तांडा सुखरूप निसटला होता. राजानं त्याला 'सर' केलं. पुन्हा गाठ पडली तर त्याला लॉर्ड करून सोडीन, असं जोन्स म्हणाल्याचं सांगतात.

मी गृहस्थांना फोन केला. पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "खालचा मजकूर नव्या माउंटखाली झाकता येईल?"

येतो की! पण मजकूर झाकायचाच म्हणून माउंट कापणं मला पटेना. छपाई केव्हाची, कोणाची, कोणासाठी, हे सगळं त्या मजकुराच्या पट्टीतच असतं. बाजारातही तिच्यासकट भाव येतो, हे सांगितल्यावर ते लगेच तयार झाले. आम्ल नसलेल्या बोर्डाची खिडकी मोठी कापली. ती जुन्या चौकटीत बसेना, नवी चौकट करावी लागली. तिचे पैसे देताना मात्र गृहस्थ जोन्सच्या नावानं बोटं मोडत होते.