त्याला मोडलेला कान हवा होता

कुस्ती लागल्यावरचे फोटो मिळतात हो, खासबागसारख्या मैदानात उजेड असतो, हलगी वाजत असते, पैलवान शड्डू ठोकतो तेव्हा कॅमेरा कुणाच्याही हातात द्या, काहीतरी मिळतंच. खरं काम आहे तालमीत, पहाटे पाचला, जिथे आख्ख्या हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या लाल मातीच्या आखाड्यावर, एखाद-दुसरी ट्यूबलाईट असते आणि ती जुनी चोकवाली असली तर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे शटर सेकंदाच्या १/२५० वर नेलं की एक फ्रेम काळपट येते आणि पुढची पिवळी. मी १/१०० वरच, म्हणजे एका लुकलुकीइतकाच वेळ, राहतो आणि पकड बसून दोघं क्षणभर अडकतात त्याची वाट बघतो. फ्लॅश वापरतच नाही, ऐन डावात डोळ्यावर लख्ख उजेड आला तर पोरगं मानेवर पडायचं.

तर कोल्हापुरातल्या एका तालमीत गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोरांनी फावड्यानं हौदा उकरला, जोर-बैठका झाल्या, मग लढती सुरू झाल्या. चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा, गावाकडनं येऊन तालमीतच राहणारा, डोक्याला डोकं लावून रेटारेटी करत होता, कान सारखा घासला जात होता. लढत सुटल्यावर तो थेट माझ्याकडे आला. "दादा, कानाचा फोटू काढा की."

कानाचा वरचा खळगा पूर्ण भरून आलेला, कातडी ताणून चकचकीत झालेली, रंग लालसर जांभळा. आणि चेहरा नुसता फुललेला! बाकीची पोरं बोट लावून बघत होती, म्हणत होती आता खरा पैलवान झालास. भिंतीवर शाहू महाराजांच्या शेजारी खाशाबा जाधवांचा फोटो होता, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ जिंकलेल्या खाशाबांचा, तर हा त्याच्याच खाली जाऊन मान वळवून उभा राहिला. दारातनं सकाळचा उजेड येत होता, केसांत लाल माती, ३५ च्या लेन्सनं अगदी जवळनं काढला. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, हातानं लावला होता म्हणून बरं, ऑटोवर कॅमेरा मातीची लाली खाऊन टाकतो.

तेवढ्यात वस्ताद आले, त्याची हनुवटी धरून कान अंगठ्यानं चाचपला आणि म्हणाले, "कपडे घाल. दवाखान्यात जायाचं." पोरगं रडायलाच लागलं. "रगात काढलं की कान मोडत न्हाई वस्ताद!" वस्तादांचे स्वतःचे दोन्ही कान मोडून गठ्ठा झालेले. ते म्हणाले, "मला ह्या कानानं धड ऐकू येत न्हाई. आमाला सांगणारं कोण नव्हतं. कान मोडून कोण पैलवान हुत न्हाई, आदी पटाचा डाव शिक."

मीही गेलो बरोबर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कुर्चा, म्हणजे कानातलं लवचिक मऊ हाड, आणि तिच्यावरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं, मग कुर्चेला रक्त मिळत नाही, ती मरते आणि तिथं कडक गाठ होते. लवकर काढलं तर कान वाचतो, पण नंतर घट्ट पट्टी लागते नाहीतर परत भरतो, आणि काही दिवस लढत बंद. हे पोराला सगळ्यात जास्त लागलं. फोटो काढण्याआधी त्याला आणि डॉक्टरांना विचारलं, त्याच्या वडलांना फोन लावला. पोरगं लहान आहे, तालमीत लंगोटवरचा फोटो असो नाहीतर दवाखान्यातला, घरच्यांच्या होकाराशिवाय मी छापायला देत नाही. वडील म्हणाले, "रडतंय का?" मी खरं ते सांगितलं. मग म्हणाले, "काढा, पर नाव घालू नगा."

ज्या मासिकासाठी काम होतं त्यांना फक्त पहिला फोटो पाहिजे होता, तोही पानभर. दवाखान्यातल्या, पट्टी बांधलेल्या दुसऱ्यानं मजा जाते म्हणे. मी अडून बसलो, दोन्ही छापा नाहीतर एकही नको. नुसता हसरा सुजलेला कान छापला की गावोगावची पोरं तेच बघून कान मोडून घेणार आणि त्यात माझा हात असणार, ते मला चालणार नव्हतं. शेवटी अर्ध्या-अर्ध्या पानात दोन्ही आले, नावाशिवाय.

प्रिंट पाठवायच्या वेळी फोन केला तर वस्तादांना पट्टीवाला पाहिजे होता, नव्यानं भरती होणाऱ्या पोरांच्या आईबापांना दाखवायला. पोराला मात्र पहिलाच हवा होता. दोघांना दोन्ही पाठवले.