आठ इंची दुर्बिणीतून ३सी २७३ ची ताम्रसृती मोजताना

कन्या तारकासमूहातला ३सी २७३ हा पृथ्वीवरून दिसणारा सर्वांत तेजस्वी क्वेसार, म्हणजे दूरच्या आकाशगंगेचा अतितेजस्वी गाभा. प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका अंधुक) सुमारे १२.९. गावाबाहेरच्या आकाशात आठ इंची दुर्बिणीतून तो डोळ्यांनीही सापडतो, पण अगदी साध्या ताऱ्यासारखा दिसतो. त्याचं वेगळेपण वर्णपटातच कळतं. मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या दोनशे इंची दुर्बिणीने हा वर्णपट घेतला आणि त्यातल्या रेषा हायड्रोजनच्याच, फक्त १५.८ टक्क्यांनी लांबलेल्या आहेत, हे १९६३ साली ओळखलं. हे लांबणं म्हणजेच ताम्रसृती, ०.१५८. तोच आकडा आठ इंची (२०० मिमी) एफ/५ न्यूटोनियनवर, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीवर मिळतो, कारण या उत्सर्जन रेषा भलत्याच रुंद आहेत. अरुंद रेषा असत्या तर हे सामान पुरलं नसतं.

ग्रेटिंग (प्रकाश रंगांत पसरवणारी रेघाळ काच) मिमीला १०० रेषांचं, फिल्टरसारखं नळीत बसणारं. कॅमेरा मोनो (कृष्णधवल), १२८० × ९६० पिक्सेलचा, पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा. ग्रेटिंग ते सेन्सर अंतर ५० मिमी ठेवलं. पिक्सेलच्या आकाराला रेषासंख्या आणि अंतर यांच्या गुणाकाराने भागलं की एका पिक्सेलला ७.५ अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) येतात. म्हणजे ७६०० अँगस्ट्रॉमचा प्रकाश शून्य क्रमापासून (ग्रेटिंगमधून न वळता सरळ आलेल्या ठिपक्यापासून) १०१३ पिक्सेलवर पडतो आणि सगळं एका चौकटीत मावतं. अंतर ८० मिमी केलं तर वर्णपट जास्त पसरतो, पण लाल टोक सेन्सरबाहेर जातं. इन्फ्रारेड रोखणारा फिल्टर काढून ठेवायचा, तो साधारण ७००० च्या आसपास प्रकाश कापतो.

जागा शोधायला कन्येतल्याच ईटा व्हर्जिनिस या ताऱ्यापासून ईशान्येला साडेतीन अंश. मार्चअखेरीस मध्यरात्री पुण्याच्या अक्षांशावरून तो ७३ अंश उंचीवर येतो. नकाशाशी ताडून खात्री करायचीच, त्याच भागातला एखादा तारा धरून रात्र वाया घालवणं सोपं आहे. स्लिट (प्रकाश आत सोडणारी अरुंद फट) नसल्याने शेजारच्या ताऱ्यांचे वर्णपटही चौकटीत येतात. त्यातला एखादा क्वेसारच्या पट्टीवर चढला तर पुढे काहीही करून सुटत नाही. म्हणून आधी छोटी चाचणी फ्रेम घेऊन, पट्टी मोकळी होईपर्यंत कॅमेरा फिरवायचा.

फोकस शून्य क्रमावर करू नये. अभिसारी प्रकाशात ग्रेटिंग ठेवल्यावर शून्य क्रम आणि वर्णपट एकाच वेळी नेमके फोकसला येत नाहीत. ईटा व्हर्जिनिस ए वर्गाचा (पांढरा, तप्त) तारा, त्यात हायड्रोजनच्या काळ्या रेषा ठळक. त्यांतली एच-बीटा जिथे सर्वांत खोल दिसते तिथे फोकस कुलूपबंद केला. याच ताऱ्यावरून तरंगलांबीची मोजपट्टी बसवता येते: शून्य क्रमापासून ६४८ व्या पिक्सेलच्या आसपास ४८६१ ची रेषा यायला हवी. ग्रेटिंगला किंवा नळीला मधे हात लागला की पट्टी पुन्हा बसवायची.

क्वेसारच्या ६० सेकंदांच्या ४० फ्रेम आणि तेवढ्याच उघडकाळाच्या डार्क फ्रेम (दुर्बीण झाकून घेतलेल्या) पुरल्या. एकेक फ्रेम लांबवण्याचा मोह टाळावा; माउंट वर्णपटाच्या दिशेने सरकला तर रेषाच पसरते. फ्रेम जुळवताना शून्य क्रम धरायचा, वर्णपट आडवा करायचा, पट्टीच्या वरचं-खालचं आकाश वजा करायचं, मग उभ्या दिशेने बेरीज.

आलेखात एच-बीटा ५६३० ला उंच दिसते, एच-गामा ५०२६ ला बुटकी. दोन्हींना मूळ तरंगलांबीने भागलं की १.१५८, त्यातून १ वजा केला की ताम्रसृती ०.१५८. दोन आकडे जुळले तरच ओळख पक्की. एका रेषेवर विसंबू नये. एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर ताम्रसृतीत ०.००१५ चा फरक पडतो.

खरी ठेच एच-अल्फाला लागते. ती सरकून नेमकी ७६०० वर येते, आणि तिथेच आपल्या वातावरणातल्या ऑक्सिजनचा पट्टा प्रकाश खातो. शिखर मधेच चावल्यासारखं दिसतं आणि मोजमाप बाजूला ओढलं जातं. जवळपास त्याच उंचीवर घेतलेल्या ईटा व्हर्जिनिसच्या वर्णपटाने भागलं तर खळगा बराच भरतो. तरी ७००० च्या पुढे निळ्या प्रकाशाचा दुसरा क्रमही (ग्रेटिंगने दुप्पट वळवलेला प्रकाश) मिसळतो, म्हणून एच-अल्फा मी फक्त साक्षीला घेते, मोजायला नाही.

०.१५८ मिळाल्यावरचं गणित गमतीचं. हबल स्थिरांक (विश्वाच्या विस्ताराचा दर) ७० धरून विस्तारणाऱ्या विश्वाच्या नेहमीच्या प्रारूपात टाकलं तर हा प्रकाश सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. इतक्या दुरून १२.९ प्रत दिसायची तर निरपेक्ष प्रत (३२.६ प्रकाशवर्षांवरून दिसली असती ती) उणे २६.५, म्हणजे तीन लाख कोटींहून अधिक सूर्यांचं तेज. ताऱ्यांच्या गर्दीने हे भागत नाही, कृष्णविवरात पडणारा वायूच लागतो.

रेषेची रुंदी कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या वेगामुळे येते, म्हणून तिच्यावरून त्या कृष्णविवराचं वस्तुमानही काढता येतं. समजा एच-बीटाची अर्ध्या उंचीवर रुंदी ७२ अँगस्ट्रॉम आली आणि उपकरणाची स्वतःची ३० आहे. वर्ग वजा करून वर्गमूळ घेतलं की ६५ उरतात, म्हणजे सेकंदाला साधारण ३४६० किमी. या फिरणाऱ्या वायूच्या भागाची त्रिज्या ०.१२ पार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं), ही चिलीतल्या व्हीएलटी इंटरफेरोमीटरवरच्या ग्रॅव्हिटी उपकरणाने २०१८ मध्ये दिली, आपल्या दुर्बिणीतून ती मिळणार नाही. वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले गुरुत्व स्थिरांक, आणि भूमितीचा (वायूच्या मांडणीचा) गुणक १ धरला तर सुमारे ३३ कोटी सूर्य. ग्रॅव्हिटीचं उत्तरही ३० कोटींच्या घरातलं. मात्र वेग वर्गात येतो, त्यामुळे रुंदीतली १० टक्के चूक वस्तुमानात २० टक्के होते. उपकरणाची रुंदी ताऱ्याच्या शून्य क्रमावरून त्याच रात्री मोजून ठेवावी.