दिवा विझेपर्यंत

"मामा, आपण कुणाची वाट बघतोय?"

भाची शेजारच्या सीटवर पट्टा लावून तयार बसली होती. मी किल्ली अर्धी फिरवून गप्प. चार दिवस गाडी जागची हलली नव्हती, बाहेर पाऊस धरलेली गार दुपार, आणि समोर काट्यांच्या खाली तो वेटोळ्यांचा पिवळा दिवा लागलेला. तिच्या बाबांची गाडी बटण दाबलं की सुरू होते, आणि इतकी गुपचूप की सुरू झाली हे पटायला मिनिटभर लागतं. त्यामुळे तिच्या हिशेबाने हा मधला वेळ म्हणजे एकतर गाडी बिघडली, नाहीतर कुणीतरी यायचं राहिलं.

"डिझेलआजोबांची," मी म्हणालो.

एवढ्यात पावसाने जोर धरला. समोरचं काही दिसेना. मग निघायची घाई संपली आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

गाडी जर्मन, छोटी, डिझेलवरची. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की माणसं लगेच दोन गटांत उभी राहतात आणि मग गाडीबद्दल कुणीच बोलत नाही. वय विचाराल तर भाचीच्या दुपटीहून जास्त. मी ती जुनीच घेतली, आणि ज्यांच्याकडून घेतली त्यांनीही बहुधा जुनीच घेतली असावी. कारण डॅशबोर्डच्या कप्प्यात जे माहितीपुस्तक निघालं ते अथपासून इतिपर्यंत जर्मन भाषेत होतं. घरात माझी थट्टा होते ती त्या पुस्तकावरूनच. लोक दुपारी झोपतात, मी शब्दकोश घेऊन टायरमधल्या हवेच्या दाबावरचं प्रकरण वाचतो.

आमच्या मामाकडेही अशीच गाडी होती. ती हिच्याहून जुनी, त्यामुळे तिचा दिवा हिच्याहून सावकाश विझायचा. थंडीतल्या सकाळी मामा किल्ली फिरवायचा आणि हात मांडीवर ठेवून असा बसायचा, की आत न्हाणीघरात कुणी आहे आणि आपला नंबर यायचाय. मागच्या सीटवर आम्ही चार मुलं. दिवा विझेपर्यंत श्वास धरायचा हा आमचा खेळ. मी कायम हरायचो. मला खेळाच्या मधेच हसू फुटायचं. जिंकायचा तो मधला मामेभाऊ. गाल फुगवलेले, डोळे बाहेर आलेले, कान लाल. आम्हाला त्याचा फार आदर वाटायचा. त्याची युक्ती त्याने पुढे स्वतःच्या लग्नात सांगितली. मामा आरशातून मागे बघत असेल तेवढा वेळच तो श्वास धरायचा. मामाची नजर वळली की नाकाने हळूच आत.

या थांबण्याला जर्मनांनी थट्टेने एक नाव दिलं होतं, रुडॉल्फ-डिझेल-गेडेंकमिनुट. म्हणजे हे इंजिन शोधून काढणाऱ्या रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मृतीत पाळायचं एक मिनिट. हे कळलं तेव्हा मामा जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याला सांगायला हवं होतं, त्याने ते रोज एकदा तरी कुणाला ऐकवलं असतं.

थांबायचं कशासाठी, तर या इंजिनात ठिणगी नसते. पेट्रोलच्या गाडीत प्लग ठिणगी पाडतो. इथे नुसती हवा दाबायची, विसाव्या हिश्शावर आणायची, की ती आपोआप इतकी तापते की वर डिझेलचा फवारा पडला की भडका. सायकलच्या पंपाचं टोक गरम लागतं तेच हे, फक्त इरेला पेटलेलं. मोठ्या इंजिनात हे झकास जमतं. पण इंजिन जितकं लहान तितका आतल्या हवेचा जीव लहान आणि तिला वेढणारं गार लोखंड त्या मानाने जास्त. हवा तापवली, की लोखंड ती ऊब पिऊन टाकतं. म्हणून आधी हीटर प्लग लाल करून घ्यायचे. तो पिवळा दिवा त्यांचा.

खरं तर छोटी डिझेल गाडी हीच मुळात आगाऊ कल्पना. डिझेल यांचं १८९७ मधलं आउग्सबुर्गचं इंजिन माणसाहून उंच, तब्बल तीन मीटर, आणि ताकद म्हणाल तर वीसेक अश्वशक्ती. पण पोटात गेलेल्या इंधनातला २६ टक्के भाग ते कामाला लावायचं, आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हतं. मग ते बोटींत गेलं, ट्रकमध्ये गेलं. बॉशने १९२७ मध्ये इंधन मापून फवारणारे पंप कारखान्यात बनवायला घेतले. १९३६ मध्ये मर्सिडीजची २६० डी आली, ती भली थोरली. मग १९७३ मध्ये तेलाने जगाचे डोळे पांढरे केले, आणि १९७६ मध्ये फोल्क्सवागेनने गोल्फमध्ये दीड लिटरचं, ५० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन बसवलं. पेट्रोल इंजिनाच्याच घडणीवरून बेतलेलं, त्याच जागेत आडवं बसणारं. तीन मीटरचा पहिलवान सुटकेसमध्ये घातल्यासारखं. तो आत शांत कसा बसेल? जर्मन भाषेत या आवाजाला नागेल्न म्हणतात, खिळे ठोकणं. मामा गल्लीच्या तोंडाशी आला की वरच्या मजल्यावर कळायचं. आजी म्हणायची, "आला खिळ्यांचा डबा."

मला विचाराल तर त्या आवाजातच सगळं आहे. मुकी गाडी बिघडण्याआधी काही सांगत नाही. ही सारखी बोलते, त्यामुळे तिचा एक शब्द जरी बदलला तरी कानाला लागतं. आणि ओढ! चढावर पेट्रोलवाले गिअर पाडून इंजिनाला किंचाळायला लावतात. ही खालच्याच आवाजात, दोन हजार फेऱ्यांच्याही अलीकडे, हं हं करत वर जाते, जशी जिन्यावरून भरली घागर घेऊन जाणारी सवयीची बाई. इंधनाचं तर विचारू नका. माझ्याकडे वही आहे. टाकी भरली की तारीख, लिटर, किलोमीटर. बायको म्हणते, मुलांच्या वाढीची अशी वही ठेवली असतीस तर. मुलं लिटरमागे किती चालतात ते कुणी मोजत नाही, मी काय करू!

आता भरवशाबद्दल. जर्मन गाडीला काही होत नाही असं म्हणणाऱ्याने जर्मन गाडी फक्त लांबून पाहिलेली असते. माझ्या गाडीच्या छताचं कापड लोंबून माझ्या डोक्यावर मायेने टेकतं. मागची डावी काच एकदा खाली गेली की दोन्ही हातांनी आणि गोड बोलून वर घ्यावी लागते. डिकीचं कुलूप पावसाळ्यात रुसतं. पण बॉनेटखाली जे आहे त्याला मात्र खरंच काही होत नाही. आमचा मेकॅनिक फडक्याला हात पुसत म्हणाला होता, "साहेब, याला काही होणार नाही. तुम्हाला झालं तर सांगा."

तोच मेकॅनिक एकदा एक काळा रबरी पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाला, "हे बघा, तुमचं सगळं यावर." टायमिंग बेल्ट. आतून दातेरी, बोटभर रुंद, कडेला एक धागा सुटलेला. हा चालत्या इंजिनात तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग इंजिनाचे तुकडे मोजायचे. एवढ्या ओतीव लोखंडाची अब्रू शेवटी एका रबराच्या हाती. तेव्हापासून पट्टा मुदतीच्या आधीच बदलतो. जुना फेकून देववत नाही, माळ्यावर तीन आहेत.

एकदा रात्री परतताना बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरत राहणारं यंत्र, गेला होता. आई मागे झोपलेली, घर अजून दोन तासांवर. मी पंखा बंद केला, रेडिओ बंद केला. हेडलाइट पिवळे झाले, मग विटकरी. शेवटी एका ट्रकच्या मागे लागलो आणि त्याच्या उजेडात चालवत राहिलो. इंजिनाच्या आवाजात मात्र तसूभर फरक नाही. या जुन्या गाड्यांचा पंप इंजिनच फिरवतं आणि ठिणगी तर लागतच नाही. एक झडप उघडी धरायला लागेल तेवढी चिमूटभर वीज मिळाली, की एकदा पेटलेलं इंजिन चालत राहतं. फक्त बंद करायचं नाही. ट्रक एका ठिकाणी थांबला, तर मीही त्याच्या मागे इंजिन चालू ठेवून थांबलो. ट्रकवाल्याने खाली उतरून एकदा माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि निघताना हात केला. घरी पोचल्यावर आई जागी झाली आणि म्हणाली, "लवकर आलो की."

माहितीपुस्तकातल्या एका शब्दाने मला आठवडाभर झोपू दिलं नव्हतं. भरवशाच्या वस्तूला जर्मनमध्ये त्सुफेरलेसिश म्हणतात. त्याचं मूळ फेरलासन या क्रियापदात. कोशात पाहिलं तर फेरलासन म्हणजे सोडून जाणं. पुढे लिहिलेलं, तेच क्रियापद 'स्वतःला' आणि 'वर' जोडून वापरलं की अर्थ होतो भरवसा ठेवणं. सोडून जायला आणि भरवसा ठेवायला एकच शब्द? या लोकांना झालंय काय, असं म्हणत मी कोश मिटला. मग दोन दिवसांनी दाढी करताना चटकन आठवलं, अरे, आपलं विसंबणं! माझ्यावर विसंबून राहा म्हणजे भरवसा ठेव. आणि आई लेकराला क्षणभर विसंबत नाही म्हणजे सोडत नाही, विसरत नाही. अर्धा गाल साबणाने माखलेला असताना मी बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "आधी दाढी पुरी कर." त्यावर मला पुढे काहीतरी मोठं म्हणायचं होतं. ते आता आठवत नाही.

मग २०१५ चा सप्टेंबर आला. हे लिहिणं टाळावं असं वाटत होतं, पण टाळलं तर मामेभाऊ हसेल. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी आधी काय केलं, तर गाड्या तपासणीच्या फिरत्या रुळांवर न ठेवता, मागे यंत्रं लादून सरळ रस्त्यावर चालवल्या. धूर कागदावर होता त्याच्या कितीतरी पट निघाला. पुढे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आरोप ठेवला आणि फोल्क्सवागेनने कबूल केलं, की गाडीतल्या संगणकात तशी सोयच करून ठेवली होती. तपासणी चालू आहे हे गाडी ओळखायची. चाकं फिरताहेत, पण स्टिअरिंग हलत नाही? म्हणजे कुणीतरी बघतंय. मग ती शहाण्यासारखा धूर आवरायची. रस्त्यावर आली की पुन्हा मोकळी. जगभरात साधारण १ कोटी १० लाख गाड्या.

बातमी वाचल्या वाचल्या मला मामाचा आरसा आठवला. मी मामेभावाला फोन केला, तर तो म्हणाला, "बघ, माझं पेटंट चोरलं." आम्ही बराच वेळ हसलो. पण ठेवताना तो म्हणाला, "आपण श्वासच धरायचो रे. लोकांनी तो धूर खरोखर घेतला." मी काही बोललो नाही. माझी गाडी त्या संगणकाच्या आधीची, तिला लबाडी करायची अक्कलच नाही. म्हणून ती स्वच्छ ठरते असंही नाही. थंडीत मागच्या पाइपातून जो काळा भपकारा निघतो तो मी आरशात रोज पाहतो. पाहतो आणि गिअर टाकतो.

"आणि डिझेलआजोबा?" भाचीने विचारलं. पाऊस काचेवर नुसता ओतत होता.

तिला मी सांगितलं. १९१३ च्या सप्टेंबरात आजोबा अँटवर्पहून इंग्लंडला जायला ड्रेस्डेन नावाच्या बोटीत बसले. रात्री जेवले. सकाळी सव्वासहाला मला उठवा असं सांगून खोलीकडे गेले. सकाळी पलंगावरची चादर विस्कटलेलीसुद्धा नव्हती. दहाएक दिवसांनी समुद्रात सापडलेल्या देहाच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. डोक्यावर बरंच कर्ज होतं, हे मी गाळलं.

ती गाल फुगवून समोर बघत होती. मामेभावाचा खेळ तिला कुणी शिकवला, मीच कधीतरी. मग श्वास सोडून म्हणाली, "पण सव्वासहाला त्यांना उठवायला जो गेला असेल, त्याने किती वेळ दार वाजवलं असेल?"

दिवा केव्हाच विझला होता. मी किल्ली मागे घेतली आणि पुन्हा अर्धी फिरवली.