अक्षर बारीक होत गेलं होतं

"मॅडम, तुमच्या बाबांचं तुम्हाला कशावरून कळलं?"

शाळा सुटल्यावर फाटकाशी थांबलेली एखादी आई हे विचारते, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई विचारते. परवा यवतमाळच्या एसटीत एका अनोळखी गृहस्थांनी विचारलं. प्रश्नामागे घरचं कुणीतरी असतं. आईचा हात थरथरतो, सासरे पाय ओढत चालतात, आणि यात म्हातारपण किती अन् आजार किती ते उमगत नाही. दरवेळी मी घाईत अर्धंच सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं सांगते.

आधी हे सांगते, की आम्हाला उशिरा कळलं. बाबांना पार्किन्सन, म्हणजे कंपवात, असल्याचं नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी २०१८ च्या फेब्रुवारीत सांगितलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू मरत जातात आणि शरीराच्या हालचालींची लय जाते. आजार उघड दिसू लागतो तोवर त्यातल्या बऱ्याचशा पेशी गेलेल्या असतात. बाबांचा हात तर तेव्हाही थरथरत नव्हता. आमच्या लेखी कंपवात म्हणजे कंप. कंप नाही म्हणजे आजार नाही, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं.

डॉक्टरांनी बाबांना चालायला लावलं, अंगठा अन् तर्जनी एकमेकांवर भराभर टेकवायला लावली, मनगट धरून हलवून पाहिलं. मग कागदावर दोन ओळी लिहायला सांगितल्या. तो कागद बघून मला म्हणाले, "यांचं जुनं लिहिलेलं काही आहे का घरी?"

होतं. आमच्याकडे सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली की कापसाची वेचणी सुरू होते. संध्याकाळी ओसरीवर काटा लागतो, बाया गाठोडी घेऊन बसतात आणि बाबा वहीत नाव अन् किलो लिहितात. किती वर्षांच्या वह्या फळीवर होत्या. पुढच्या खेपेला मी तीन घेऊन गेले. २०१२ च्या वहीत एकेक नाव ऐसपैस, वेलांट्या वरच्या ओळीला भिडलेल्या. २०१५ च्या वहीत तेवढ्याच जागेत दोन नावं मावली असती. आणि २०१७ च्या वहीत ओळीची सुरुवात बरी, पण पुढे सरकत जावं तसं अक्षर आटत आटत मुंगीएवढं झालेलं, किलोचे आकडे एकमेकांवर चढलेले. डॉक्टरांनी तिन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. मी शिक्षिका आहे, रोज चाळीस पोरांचं अक्षर तपासते. त्या टेबलाशी मला रडू आवरलं नाही.

अक्षर बारीक होणं हे या आजाराचं नेमकं लक्षण आहे. बाकीचीही बरीच घरात हजर होती, फक्त प्रत्येकाला आमच्याकडे कारण तयार होतं. बाबांचा उजवा हात चालताना हलत नसे, अंगाशी धरल्यासारखा राही. त्याच बाजूचा खांदा दुखे, म्हणून तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात वर्षभर खांद्याचेच उपचार झाले, शेक झाले, इंजेक्शनं झाली. पोट साफ होत नसे, त्यावर ईसबगोल. आवाज खाली गेला, तर आम्ही म्हणायचो पोरींची लग्नं झाली, आता कुणावर ओरडणार. चेहरा हसेनासा झाला, तर म्हणायचो कर्जाची काळजी. वांग्याची भाजी करपून धूर झाला तरी शेजारी बसलेल्या बाबांना पत्ता नव्हता. आई म्हणाली, "त्याईले सर्दी असंन."

आणि झोप. पाच-सहा वर्षं आधीपासून बाबा रात्री झोपेत बैल हाकायचे, लाथा झाडायचे. एकदा हाताचा फटका आईच्या तोंडावर बसला, तेव्हापासून तिनं खाट वेगळी केली. "दिवसभर वावरात राहते, रात्री बी वावरातच जाते बाप्पा," एवढंच ती म्हणायची. डॉक्टरांनी समजावलं की स्वप्न पडत असताना मेंदू एरवी अंगाचे स्नायू ढिले करून ठेवतो. तो आवर सुटला की माणूस स्वप्न अंगानं जगतो, आणि पुष्कळदा हे पार्किन्सनच्या कित्येक वर्षं आधी सुरू होतं. झोपेत हातपाय झाडणाऱ्या प्रत्येकाला पार्किन्सन होतो असं नाही. पण वास जाणं, पोट साफ न होणं आणि ही झोप, तिन्ही एकाच माणसात दिसली तर दाखवून घ्यायला हवं.

मधल्या काळात आणखी एक झालं. बाबांना चक्कर यायची म्हणून एका डॉक्टरांनी चक्करची गोळी दिली होती. आराम पडला, म्हणून मेडिकलमधून तीच गोळी आठ महिने आणत राहिलो. सिनारिझिन, फ्लुनारिझिन किंवा उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड अशी औषधं फार दिवस घेतली तर तीच अंग आखडवतात, पार्किन्सनसारखी लक्षणं आणतात, आणि आजार आधीच असेल तर तो वाढवतात. गोळी थांबवल्यावर बाबांचं आखडणं थोडं कमी झालं, पण गेलं नाही. म्हणून तुमच्या घरी कुणाचं अंग जड झालं असेल तर दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. मेंदूचा फोटो महागडा असतो, पिशवी फुकटची असते, आणि पुष्कळदा उत्तर तिच्यातच असतं.

"फवारणीमुळे झालं का हो?" हेही विचारतात. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, तेव्हापासून हा प्रश्न सगळ्यांच्या मनात आहे. त्या वर्षी बाबा पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, उभे होते आणि औषधाचा वास त्यांना येतच नव्हता, हे आठवलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. एकेका माणसाबद्दल कुणी डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. पण कीटकनाशकं अन् तणनाशकं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्यांत हा आजार अधिक आढळतो, हे अभ्यासांतून पुढे आलं आहे, आणि त्यात पॅराक्वाट या तणनाशकाचं नाव येतं. युरोपीय महासंघात ते २००७ पासून बंद आहे. आपल्याकडे विकलं जातं. यावर मी गप्प बसत नाही, बसणारही नाही.

हात थरथरतो म्हणजे पार्किन्सनच का? नाही. आईचा हात केव्हा थरथरतो ते बघा. चहाचा कप उचलताना, सुईत दोरा ओवताना थरथरत असेल तर ते बहुधा वेगळं असतं, घराण्यातही चालतं, थायरॉइडनंही होतं. पार्किन्सनचा कंप हात मांडीवर स्वस्थ ठेवला असताना येतो आणि काही उचलायला गेलं की बरेचदा कमी होतो. त्यातही तो आधी एकाच बाजूला सुरू होतो.

हे सगळं संथ चालणारं. जे एका क्षणात येतं त्याबद्दल मी घसा कोरडा होईस्तोवर सांगते, कारण तिथं वेळ नसतो. तोंड एकीकडे वाकडं झालं, एक हात वर धरला तर खाली येतो, बोलणं अडखळतं किंवा भलतंच निघतं, तर तो लकवा. "वारं लागलं" म्हणत तेल चोळत बसू नका, कबुतराचं रक्त लावू नका, पाणीसुद्धा पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. १०८ ला फोन करा आणि माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला ते लक्षात ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. म्हणजे सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच पोचायचं आहे, आणि आपल्या गावापासून तो किती लांब ते तुम्हाला ठाऊक आहे. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉक्टरांनी ८६ गावांतले मृत्यू तपासले, तेव्हा सर्वांत जास्त मृत्यू याच आजाराचे निघाले, साधारण सातांत एक. आणि हा म्हाताऱ्यांचाच आजार नाही. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे, आणि सिकलसेल असलेल्या लहान लेकरालाही लकवा होऊ शकतो. माझ्या वर्गात अशी दोन मुलं आहेत. त्यांच्या हातातून पेन्सिल पडली तरी मी उठून जवळ जाते.

विसरण्याबद्दल एकच सांगते. चष्मा कुठं ठेवला हे सगळेच विसरतात. माझी मावशी साठ वर्षं भाकरी थापत आली आणि एक दिवस परातीतल्या पिठाकडे नुसती बघत राहिली, पुढे काय करायचं ते तिला सुचेना. ते वेगळं. तपासणीत तिचं बी-१२ जीवनसत्त्व फार कमी निघालं, इंजेक्शनांनी ती बरीच सावरली. घरच्यांनी "उमर झाली" म्हणून सोडून दिलं असतं तर ती तशीच राहिली असती.

म्हणून कुणी विचारलं की मी एवढंच म्हणते: आईला शेजारच्या म्हातारीशी ताडून पाहू नका, दोन वर्षांपूर्वीच्या आईशी ताडा. लग्नाचा व्हिडिओ काढा, ती कशी चालत होती ते बघा. बँकेतल्या सह्या बघा.

बाबांना लेव्होडोपाची, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणारी, गोळी सुरू झाली. महिनाभरात एका सकाळी त्यांनी शर्टाची पाचही बटणं स्वतः लावली आणि आईला म्हणाले, "पाह्य वो, लागले." गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते. दूध-डाळीसोबत ती नीट लागू पडत नाही. आजार थांबला नाही, दोन वर्षांनी हातही थरथरायला लागला. फिजिओथेरपीच्या ताईंनी मोठं अक्षर काढण्याचा सराव सांगितला, तेव्हा मी शाळेतल्या पहिलीच्या पोरांसाठी असते तशी दुरेघी वही आणून दिली. दोन रेघा समोर असल्या की त्यांचं अक्षर आटत नाही.

वेचणीचा हिशेब ते त्याच वहीत लिहितात. बायांना पूर्वी सहा वाजता घरी जायची घाई असायची, आता त्या थांबतात. आमच्याकडे काटा साडेपाचला लागतो. बाबांची गोळी पावणेपाचची असते, आणि साडेपाच ते सात त्यांचा हात मोकळा चालतो.