इंजिनाला काळा रंग: किती जाड, कुठं, आणि कुठं अजिबात नको

काळा रंग ऊन शोषतो म्हणून काळं इंजिन जास्त तापतं, हे सांगली-मिरजेच्या गॅरेजांत हमखास ऐकू येतं. भर दुपारी एक चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. त्यातलं मोटारसायकलच्या सिंगल सिलिंडर इंजिनाच्या वाट्याला फार तर ५०-६० वॅट येतं. इंजिन स्वतः जी उष्णता बाहेर टाकतं ती किलोवॅटमध्ये मोजायची. तेव्हा उन्हाची काळजी सोडा.

‘काळा मारला की इंजिन गार’ हेही तितकंच फुगवलेलं. गाडी पळत असताना उष्णता वारा नेतो, रंगाला तिथं फारसं काम नसतं. रंग कामाला येतो तो वारा नसताना. गळीत हंगामात दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागं पहिल्या गिअरवर रांगत असाल, तेव्हा उष्णता किरणांनी बाहेर पडणं महत्त्वाचं ठरतं. १८० अंशांवरचा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला दीड किलोवॅटच्या वर उष्णता अशी सोडतो, कोरं स्वच्छ ॲल्युमिनियम त्याच्या पाव हिस्साही नाही. फिन (इंजिन गार करणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या) मात्र एकमेकींसमोर उभ्या असतात, त्यामुळं खोबणीतली बरीचशी किरणं शेजारच्या फिनवरच जातात. खरा फायदा बाहेरच्या कडांचा. आणि गंमत म्हणजे पांढरा हीट रंगही जवळपास तेवढंच काम करतो. चंदेरी करत नाही, कारण त्यात ॲल्युमिनियमचे कण असतात. काळा बरा, कारण त्यावर तेलाचे डाग दिसत नाहीत.

मग रंगवायचं ते मुख्यतः टिकण्यासाठी. जुन्या बुलेटचा बिडाचा सिलिंडर उघडा ठेवला तर एका पावसाळ्यात तांबूस होतो. ॲल्युमिनियम गंजून पडत नाही, पण ओला चिखल फिनांत साठून राहिला की खाली पांढरी भुकटी आणि खड्डे तयार होतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेल्या गाड्यांवर हे सहज बघायला मिळालं.

रंगाआधी गळती बंद करा. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) गॅस्केट पाझरत असेल तर त्याखालचा रंग महिन्याभरात पापुद्र्यासारखा सुटतो. मग रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रश, नंतर साबणपाणी, नंतर पूर्ण वाळवणं. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो आणि संडास धुण्याचं ॲसिड खड्डे पाडतं, तेव्हा दोन्ही लांब ठेवा. टायर चमकवण्याचा सिलिकॉन स्प्रे आसपास मारू नका. त्याचा अंश धातूवर राहिला की रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल-गोल फाटतो.

फिनांच्या आत हात जात नाही. तिथं जुन्या हॅक्सॉ ब्लेडला १८० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून खालपर्यंत घासायचं, शेवटी ३२० नंबरनं हलका हात. गुळगुळीत चकाकी घालवायची आहे, धातू झिजवायचा नाही. सँडब्लास्टिंग करायचं तर भाग पूर्ण सुटे करूनच. बसलेल्या इंजिनावर वाळू मारली तर ती कुठून ना कुठून बेअरिंगपर्यंत पोचते.

जुनं ओतीव ॲल्युमिनियम तेल पिऊन बसलेलं असतं. वरून पुसलं तरी छिद्रांत ते राहतं आणि पहिल्याच तापण्यात बाहेर येऊन फोड आणतं. म्हणून सुटा भाग १०० ते १२० अंशांपर्यंत तापवा, पाझरलेलं तेल कोरड्या चिंधीनं पुसा, गार झाल्यावर थिनरनं दोनदा पुसा. थिनर गरम भागाला लावू नका, पेट घेईल.

झाकायचं काय: सगळे गॅस्केटचे पृष्ठभाग, आटे, हेडच्या (सिलिंडरच्या वरच्या भागाच्या) नटांच्या बैठका, इनटेक-एक्झॉस्टची तोंडं, ब्रीदर (इंजिनाची हवा सुटण्याचं तोंड). प्लगच्या भोकात जुना प्लग बसवून ठेवा. अर्थ वायरची जागा कोरी हवी, नाहीतर सेल्फ ढिला पडतो आणि लोक बॅटरी बदलत बसतात. इंजिन नंबरवर पॉलिश पेपर चालवू नका आणि जाड थरही नको, आरटीओच्या तपासणीत तो वाचता आला पाहिजे.

रंग सिलिकॉन बेसचा, उष्णता सोसणारा. हेड आणि सिलिंडरला डब्यावर किमान ३०० अंश लिहिलेला बघा, बेंड पाइपला (इंजिनापासून सायलेन्सरकडं जाणाऱ्या नळीला) ६०० चा. साधा गाडीचा रंग क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) चालून जाईल, हेडवर नाही. ४०० मिलीचे दोन कॅन पुरतात. अंतर २० ते २५ सेंमी, आधी खोबणींत चारही बाजूंनी तिरपा फवारा, बाहेरच्या कडा शेवटी. तीन पातळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. वाळल्यावर २५ ते ४० मायक्रॉन पुरे. एवढ्यानं उष्णतेला अडथळा एखाद्या टक्क्याच्या आसपास येतो, लांबी (पुट्टी)-प्रायमर-रंग असा ३०० मायक्रॉनचा थर झाला की तो दखल घेण्याजोगा होतो. साधा एच (etch) प्रायमर हेडच्या रंगाखाली नकोच, तो तापून सुटतो.

पावसाळी दमट हवेत हे काम काढू नका. एप्रिलच्या दुपारी उन्हातही नको. रंग हवेतच सुकून खरखरीत बसतो.

पावडर कोटिंगचा मोह क्लच आणि मॅग्नेट कव्हरपुरता ठीक. फिनांवर विद्युतभारित पावडर कडांवरच ओढली जाते, खोबणीचा तळ कोरा राहतो आणि कडेला जाड थर बसतो. पण कुपवाड एमआयडीसीकडं कोटिंगवाल्याची भट्टी मिळाली तर आपला रंगवलेला भाग तासभर १८० ते २०० अंशांवर भाजून घ्या (नेमकं तापमान डब्यावर असतं), ऑइल सील आधी काढून. भट्टी नसेल तर इंजिन बसवून १० मिनिटं आयडल, पूर्ण गार, मग २० मिनिटं, परत गार, मग रस्त्यावर अर्धा तास. पहिल्यांदा धूर आणि वास येतो, तो यायचाच.

भाजण्याआधी हा रंग पेट्रोलनं सुटतो. तोवर कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होऊ देऊ नका आणि टाकी भरताना नळीखाली चिंधी धरा.